भूगोलाची खोली रिकामी करण्याआधी : शाळेच्या व्यवस्थापन मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन मंडळाचे सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस आली. दहावीच्या भूगोलाच्या तासिका आठवड्याला तीनऐवजी एक, उरलेल्या दोन गणित-विज्ञानाच्या फाउंडेशनला, भूगोलाची खोली फाउंडेशनच्या बॅचसाठी रिकामी करायची, आणि भूगोलासाठी पोरांनी सोबत जोडलेली ११ पानांची ‘आयएमपी नोट्स’ पीडीएफ करून टाकावी. खाली पालकांचे अंगठेच अंगठे. खरं सांगतो, सवयीनं मीपण अंगठा दिला. रात्री जेवण झाल्यावर पोरीनं ती पीडीएफ उघडून दाखवली, म्हणाली पप्पा हे बरोबर आहे का, तेव्हा तो अंगठा काढून घेतला आणि हे लिहायला बसलो.

मी याच शाळेचा, १९९५ च्या दहावीचा. पुढं जळगावला भूगोल घेऊन बी.ए. केलं, नोकरीचं काही जमलं नाही, आता वडलांची सहा एकर केळी बघतो, यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. म्हणजे मी काही प्राध्यापक नाही. पण भूगोल या विषयानं मला जेवढं दिलं तेवढं बाकी कुठल्याच विषयानं दिलं नाही, आणि ते त्या खोलीत दिलं, म्हणून बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालतो.

तुमच्यापैकी दोघेतिघे माझ्या बॅचचेच आहेत, त्यांना आठवत असेल. आठवत नसेल तर आठवण करून देतो. एप्रिलची सकाळची शाळा, नववीची परीक्षा संपलेली, आणि भूगोलाचे सर आम्हाला अकरा-बाराच्या उन्हात रस्त्यापलीकडच्या केळीच्या बागेत घेऊन गेले. हातात दोन नळ्यांचा तापमापक, एका नळीला ओलं फडकं. बाहेर बांधावर ४३. बागेत पंधरावीस ओळी आत गेलो, तिथं ३६, आणि बाहेर त्या दोन नळ्यांत केवढा तरी फरक होता तो आत आल्यावर निम्म्याहून कमी झाला, कारण आतली हवा दमट. पायाखाली ओलं, वर पानाला पान भिडलेलं, उजेड हिरवट, शर्ट अंगाला चिकटायला लागला. सर म्हणाले, आता ही पानं डोक्यावर शंभर-सव्वाशे फूट वर नेऊन ठेवा, रोज दुपारी पाऊस पाडा, आणि इथून चालायला लागा, महिनाभर चाललात तरी संपत नाही. ते अमेझॉन. मग थोडं थांबून म्हणाले, पण एक चूक आहे माझ्या बोलण्यात, ती उद्या सांगा.

ती चूक आम्हाला दोन दिवसांनी सापडली. बागेत एकाच जातीचं झाड आहे. हेक्टरी साडेचार हजाराच्या आसपास खोडं आणि सगळी एकसारखी. अमेझॉनच्या चांगल्या जंगलात एका हेक्टरात अडीचशे-तीनशे जातींची झाडं निघतात. हा एक फरक कळला की अर्धा भूगोल कळला, आणि आम्हाला तो मार्कांसाठी नव्हता कळला.

आता तुमच्या पीडीएफकडं येतो.

पहिलंच बघा. ‘ब्राझीलच्या वर्षावनांना जगाची फुप्फुसे म्हणतात. कारण : ही वने जगाला २० टक्के ऑक्सिजन पुरवतात.’ हे वाक्य सगळीकडं फिरतं, पण चूक आहे. जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं जवळजवळ तेवढा स्वतःच वापरून टाकतं, झाडं श्वास घेतात, खाली पडलेलं पान कुजवणारे जीव श्वास घेतात, शेवटी शिल्लक शून्याच्या आसपास. त्या जंगलाची खरी कमाई दोन, कोंडून ठेवलेला कार्बन आणि पाणी. पाण्याची गोष्ट तर केळीवाल्याच्या पोराला लगेच कळेल. उन्हाळ्यात केळीच्या एका खोडाला दिवसाला वीसेक लिटर पाणी द्यावं लागतं, त्यातलं बहुतेक पानांतून हवेत जातं, म्हणून तर बागेत गारवा. तिकडचं एक मोठं झाड दिवसाला शेकडो लिटर पाणी वर फेकतं. अटलांटिकवरून वारा वाफ घेऊन येतो, पाऊस पडतो, झाडं ते पाणी परत हवेत देतात, वारा पुढं नेतो, परत पाऊस. एनेआस सालाती म्हणून ब्राझीलचे शास्त्रज्ञ, त्यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्याचे नमुने तपासून दाखवलं की तिथला साधारण निम्मा पाऊस जंगलच फिरवून फिरवून पाडतं. आणि ही वाफ पश्चिमेला अँडीजला धडकते आणि दक्षिणेला वळते, ब्राझीलचा खालचा भाग, पॅराग्वे, अर्जेंटिनाचा उत्तर भाग, तिथला ऊस-सोयाबीन तिच्यावर. तिकडं तिला उडत्या नद्या म्हणतात. हे ‘कारणे द्या’मध्ये तीन ओळीत बसत नाही, मान्य, पण म्हणून खोटं कारण पाठ करायला द्यायचं?

पान ४ वर अमेझॉन नदीबद्दल दोन ओळी आहेत, लांबी आणि ‘जलवाहतुकीस उपयुक्त’. लांबी सुमारे ६,४०० किलोमीटर, ठीक. आपली तापी ७२४. पण लांबीनं काय समजतं? तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडून लाखभर क्युसेक सुटलं की अख्खा तालुका मोटरसायली काढून बघायला जातो, स्टेटस लावतो. अमेझॉन वर्षाची सरासरी धरून ७० लाख क्युसेकच्या वर पाणी समुद्रात टाकते. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जेवढं पाणी देतात त्यातलं पाचातलं एक तिचं. आणि जलवाहतूक का, तर उतारच नाही. पेरूमधलं इक्विटोस शहर समुद्रापासून साडेतीन हजार किलोमीटरहून आत आहे आणि उंची जेमतेम १०० मीटर, आपलं जळगाव त्याच्या दुप्पट उंचीवर. इक्विटोसला बाहेरून रस्ता जात नाही, विमान नाहीतर बोट. पावसाळ्यात पाणी दहा-दहा मीटर चढतं, जंगल पाण्यात उभं राहतं, आणि तांबाकी नावाचा मासा झाडांमधून फिरत पडलेली फळं खातो आणि बिया लांब नेऊन टाकतो. तापीच्या काठच्या पोराला हे सांगून बघा, मोबाइल खाली ठेवतं की नाही ते बघा.

पण खरा राग मला पान ७ चा आहे. दोन वाक्यं आहेत. ‘अमेझॉनचे खोरे मानवी वस्तीस प्रतिकूल आहे’ आणि त्याखाली ‘येथील आदिवासी मागासलेले असून शिकार व कंदमुळांवर जगतात’. माझ्या पोरीच्या बाकावर जी मुलगी बसते ती सातपुड्यातल्या पालच्या वरच्या पाड्यावरची, पावरा. हॉस्टेलला राहते. वर्गात अशी निदान दहाबारा पोरं असतील, पावरा, तडवी, भिल्ल. त्यांनी हे वाक्य दोन मार्कांसाठी पाठ करायचं. मी पोरीला विचारलं ती काही बोलली का, तर म्हणे नाही, तिनं अंडरलाइन केलं फक्त.

‘प्रतिकूल’ म्हणता तर नीट बघू. फ्रान्सिस्को दे ओरेयाना नावाचा स्पॅनिश माणूस १५४१-४२ मध्ये अँडीजकडून निघून नदीच्या मुखापर्यंत गेला, त्याच्यासोबतच्या पाद्र्यानं लिहून ठेवलंय की काठाला मैलोन् मैल गावंच गावं. पुढची तीनचारशे वर्षं लोकांनी त्याला थापाड्या ठरवलं. आता विमानातून लेझर मारून झाडांखालची जमीन बघता येते, आणि बोलिव्हियात २०२२ साली, इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात २०२४ साली जुन्या मोठ्या वस्त्या, सरळ रस्ते, कालवे, मातीचे चौथरे जाहीर झाले. मधल्या काळात ती माणसं गेली कुठं, तर देवी-गोवरासारखे रोग बाहेरून आले आणि गावंच्या गावं संपली.

आणि तिथली जमीन! शेतकऱ्याच्या पोरांना सांगायची गोष्ट तर ही. एवढं जंगल बघून वाटतं माती काय कसदार असेल. उलट आहे. सारखा पाऊस, सगळं धुऊन जातं, कस जमिनीत नाही, झाडातच. झाड तोडलं की दोनतीन वर्षांत शेत बसतं. काही प्रमाणात फॉस्फरस तर सहाराच्या वाळवंटातून वाऱ्यावर उडत येतो, समुद्र ओलांडून, उपग्रहावरून मोजलंय, वर्षाला २२ हजार टनांच्या आसपास. आणि त्याच नापीक मातीत जागोजागी काळ्या जमिनीचे पट्टे सापडतात, आपल्या तापीकाठच्या काळीसारखे. ते निसर्गानं नाही केले. तिथल्या लोकांनी कोळसा, हाडं, माशांचे काटे, खापरं मिसळून शेकडो वर्षं ती माती तयार केली, दोन हजार वर्षं जुने पट्टे आहेत आणि अजून पिकतात. आम्ही दर वर्षी मातीपरीक्षणाचा कागद घेऊन कृषी केंद्रात उभे असतो. मागासलेलं कोण ते ठरवायची मला घाई नाही.

कंदमुळं म्हणता, तर एकादशीला तुम्ही काय खाता? साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा मुळात अमेझॉनच्या दक्षिण कडेचा. त्याची कडू जात विषारी, सायनाइड असतं. तिथल्या बायका किसून, वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरून, ताणून रस पिळून काढतात, मग भाजून पीठ. ही अक्कल कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी लावली तेव्हा आपला उपास चालू राह्यला. खिचडीतला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा तिकडचा, मिरचीपण अमेरिकेचीच. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणे, मग उपासाला आपलं राह्यलं काय, मीठ?

आज तिथं काय आहे तेही पीडीएफमध्ये नाही. मनौस शहर, वीस लाखांवर वस्ती, जंगलाच्या मधोमध, १८९६ साली बांधून झालेलं नाट्यगृह, रबराच्या पैशावर. त्याच रबरासाठी तिथल्या लोकांना गुलामासारखं राबवून मारलं तोही इतिहास. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाचा इंग्रज रबराच्या ७० हजार बिया लंडनला घेऊन गेला, रोपं सिलोन-मलायाला गेली आणि तीसपस्तीस वर्षांत मनौसची चैन संपली. मग १९२८ ला हेन्री फोर्डची माणसं आली, मोटारीवाल्यांची. तापाजोस नदीकाठी दहा लाख हेक्टर घेतलं, फोर्डलांडिया नाव दिलं, रबराचं झाड जंगलात लांब लांब एकेकटं असतं ते त्यांनी ओळीत जवळजवळ लावलं. पानावरची बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. १९४५ ला सगळं सरकारला विकून गेले. ही गोष्ट मला बी.ए. ला वाचायला मिळाली होती, पण कळली दोन वर्षांपूर्वी, सीएमव्ही या केळीवरच्या विषाणूरोगानं माझी हजारावर खोडं उपटून बांधावर टाकावी लागली तेव्हा. सगळी टिश्यू कल्चरची, एकाच ग्रँड नैन जातीची, एकीला झालं की सगळ्यांना. सरांनी विचारलेली चूक ती हीच होती.

आणि सण बघा. जूनच्या शेवटी नदीतल्या बेटावर पारिंतिन्स गावात बोई-बुंबा भरतो. बोई म्हणजे बैल. कथा अशी, गरोदर बाईला डोहाळे लागतात मालकाच्या लाडक्या बैलाची जीभ खायचे, नवरा बैल मारतो, मालक खवळतो, मग भगताला बोलावून बैल परत जिवंत करतात. गावात दोन पार्ट्या, लाल आणि निळी, एकमेकींचं नावसुद्धा घेत नाहीत. आपल्या पोळ्याला मानाच्या बैलावरून गावात जे होतं ते ज्यांनी पाह्यलंय त्यांना हे परकं वाटायचं काही कारण नाही. भोंगऱ्याचा बाजार आणि होळी ज्या पोरांच्या घरची आहे त्यांना तर नाहीच. पण पीडीएफमध्ये ब्राझीलची संस्कृती म्हणजे ‘कार्निव्हल, सांबा’. संपलं.

आता तुम्ही म्हणाल पोर्शन आहे, निकाल आहे, पालकांनाच फाउंडेशन पाहिजे. पाहिजे, मलाही पाहिजे, पोरीला सायन्सलाच जायचंय. पण दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिला धडा ‘क्षेत्रभेट’ आहे हो. पुस्तक भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून बघा म्हणतं, बाहेर जा म्हणतं, आणि आपण गेली तीन वर्षं क्षेत्रभेट नेली नाही, वहीत मात्र सगळ्यांच्या आहे, एकाच नमुन्याची, तारखेसकट. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही, त्या वहीवर पालक म्हणून माझीपण सही आहे.

भूगोल शिकवायला सध्या जे सर आहेत ते खेळाचे आहेत, माणूस चांगला, पण त्यांच्यावर हा विषय टाकलाय आणि त्यांनाही ते माहीत आहे. त्यांना दोष नाही.

आणि खोली. शनिवारी पोरीला घ्यायला आलो तेव्हा सामान व्हरांड्यात काढलेलं बघितलं. दक्षिण अमेरिकेचा कापडी नकाशा गुंडाळी करून झाडूशेजारी. पर्जन्यमापक उलटा. आणि आम्ही चौघांनी पेपरच्या लगद्याचा केलेला उठावाचा नकाशा, त्याच्यावर कुणीतरी खुर्ची ठेवलेली, अँडीज मोडलाय. सर त्या नकाशावर फुंकर मारून दाखवायचे, पूर्वेकडून फुंकर, अँडीजला आपटून खाली वळते, तिथं भुकटी ठेवलेली असायची ती उडायची. अँडीज मोडला म्हणजे आता फुंकर सरळ पॅसिफिकमध्ये. मला हसूपण आलं आणि वाईटपण वाटलं.

हे सगळं आत्ताच का काढतो, तर ज्या जंगलाला आपण एक तासिका देतोय ते या पोरांच्या डोळ्यांदेखत बदलतंय. ब्राझीलची अवकाश संस्था १९८८ पासून उपग्रहानं दर वर्षी तोड मोजते. एकट्या २००४ साली सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल गेलं, जळगाव-धुळे-नंदुरबार तिन्ही जिल्हे मिळून आपला खानदेश तेवढा भरत नाही. मुख्य कारण गुरांची कुरणं, मग सोयाबीन. २०१२ पर्यंत हा आकडा साडेचार हजारावर आला, २०२१ ला परत तेरा हजारावर गेला, २०२४ ला सहा हजाराच्या आसपास, म्हणजे सरकारनं ठरवलं तर थांबतं हेही दिसतं. उपग्रहाच्या चित्रात सगळीकडं तोड आणि मध्ये हिरवे तुकडे दिसतात, त्यातले बरेच आदिवासींच्या नावावर केलेल्या जमिनी. यानोमामी लोकांची जमीन १९९२ ला कायद्यानं त्यांची झाली, आपल्या खानदेशाच्या साडेतीनपटीहून मोठी. (सातपुड्यात वनहक्काच्या दाव्यांचं काय चाललंय ते इथं काढत नाही, पत्र संपणार नाही.) रिओ नेग्रो नदीची पातळी मनौसला १९०२ पासून रोज मोजतात, २०२३ ला ती तोवरची सगळ्यात खाली गेली आणि २०२४ ला त्याच्याहून खाली. पुढं याचा भाव, पाऊस, पीक सगळ्यावर परिणाम होणार, आणि तेव्हा आमची पोरं काय म्हणणार, आयएमपी नव्हतं?

मागण्या साध्या आहेत.

पीडीएफ मागं घ्या, निदान पान १ आणि पान ७ ची वाक्यं तरी या आठवड्यात काढा आणि ग्रुपवर तसं लिहा. तीन नाही जमत तर दोन तासिका द्या. पुढच्या वर्षी जागा भराल तेव्हा भूगोलाचा माणूस घ्या. खोली द्यायचीच असेल तर द्या, पण नकाशे, गोल, पर्जन्यमापक ठेवायला दुसरी जागा आधी दाखवा, भंगारात काही जाता कामा नये. क्षेत्रभेट खरी न्या, एक दिवस पालच्या जंगलात, आणि तिथं झाडांची नावं पाड्यावरच्या पोरांनी बाकीच्यांना सांगायची, त्यांच्या भाषेतली, ती वहीत लिहायची. आपलं जंगल डिसेंबरपासून पानं गाळायला लागतं, तिकडचं बारा महिने हिरवं, का, हा प्रश्न तिथंच उभं राहून विचारायचा. दुसरा दिवस माझ्या बागेत. तापमापक माझ्याकडं आहे, डिसेंबरात एप्रिलएवढा फरक नाही पडणार पण पडेल. चहा आणि केळी माझ्याकडून, गाडीचं भाडं पालक मिळून भरतील, मी चौघांशी बोललोय.

पालक-शिक्षक संघाची सभा २० तारखेला आहे, तिथं यावर उत्तर द्यावं, लेखी दिलं तर बरं. तोपर्यंत तो लगद्याचा नकाशा व्हरांड्यातून उचलून कुठंतरी कोरड्यात ठेवा. रविवारी मी येतो, जुने पेपर आणि डिंक घेऊन, अँडीज परत उभा करायला. शिपाईभाऊंना फक्त चावी ठेवायला सांगा.

आपला,
१९९५ च्या दहावीचा एक विद्यार्थी, आणि यंदाच्या दहावीतल्या पोरीचा बाप
ता. यावल, जि. जळगाव